कोऱ्या पानावर राहणारी माणसं

मी ध्रुवप्रदेशात कधी गेलेलो नाही, आणि हे वाचणाऱ्या बहुतेकांचंही तसंच असणार. तरी ‘उत्तर ध्रुव’ हे दोन शब्द कानावर पडले की प्रत्येकाच्या मनात काहीतरी उभं राहतंच. पांढरं मैदान, सोसाट्याचा वारा, दाढीत गोठलेला श्वास आणि लांबवर एक काळा ठिपका, म्हणजे बहुधा मरायला निघालेला माणूस. एखाद्याच्या चित्रात अस्वल आणि पेंग्विन शेजारी शेजारी उभे असतील. एक उत्तरेला राहतं, दुसरा दक्षिणेला, जन्मात त्यांची गाठ पडत नाही, हे शाळेत शिकूनही आपण विसरतो. यातलं काहीच आपण पाहिलेलं नसतं. वाचलेलं असतं, किंवा ज्यांनी वाचलं त्यांनी काढलेल्या चित्रांत आणि सिनेमांत बघितलेलं असतं.

न पाहिलेल्या जागेबद्दल वाचून कल्पना करण्यात गैर काही नाही. चंद्राबद्दलही आपण तेच करत आलो. पण चंद्रावर वस्ती नाही. उत्तर ध्रुवाभोवतीच्या प्रदेशात, म्हणजे आर्क्टिकमध्ये, सुमारे ४० लाख माणसं राहतात. त्यांत इनुइट, सामी, नेनेट्स असे मूळचे रहिवासी आहेत, शिवाय नंतर येऊन स्थायिक झालेलेही आहेत. गेली दोनशे वर्षं जगाने उत्तरेबद्दल जे आवडीने वाचलं त्यात ही माणसं एक तर नव्हतीच, नाही तर स्लेजगाडीच्या कडेला मुकाट उभी होती. ध्रुवीय साहित्याला लोक अतिशयोक्तीबद्दल नावं ठेवतात. मला अतिशयोक्तीचा राग नाही. थंडी आणि अंधार जरा वाढवून सांगितल्याने कुणाचं काही बिघडत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हे साहित्य बहिरं होतं, आणि त्याच्या बहिरेपणावर विसंबून पुढे खरीखुरी माणसं हलवली गेली, उपाशी ठेवली गेली, खोटी ठरवली गेली.

खोटी ठरवली गेली, तिथूनच सुरुवात करू.

१८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजं घेऊन अटलांटिकमधून पॅसिफिककडे जाणारा वायव्य मार्ग शोधायला निघाले आणि १२९ माणसांसह नाहीसे झाले. नऊ वर्षांनी, १८५४ मध्ये, जॉन रे नावाच्या डॉक्टरला त्यांचं काय झालं याची पहिली पक्की खबर लागली. रे कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा नोकर होता. तो इनुइटांसारखं चालायचा, त्यांच्यासारखं घर बांधायचा, शिकार करून पोट भरायचा. त्याला भेटलेल्या इनुइटांनी सांगितलं की काही हिवाळ्यांमागे चाळीसएक गोरी माणसं बोट ओढत दक्षिणेकडे जाताना दिसली होती; पुढे त्यांची प्रेतं सापडली. त्यांच्याकडून रेने चांदीचे काटेचमचे विकत घेतले आणि खुद्द फ्रँकलिनचं एक मानचिन्हही. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: प्रेतांची अवस्था आणि भांड्यांत जे उरलं होतं त्यावरून, शेवटी शेवटी त्या माणसांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं होतं.

रेने हे सगळं आपल्या अहवालात जसंच्या तसं लिहिलं आणि ते लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आलं. फ्रँकलिनची पत्नी लेडी जेन हादरली. तिने मदतीला बोलावलं ते त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या कादंबरीकाराला, चार्ल्स डिकन्सला. डिकन्स तेव्हा ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ हे साप्ताहिक चालवत होता. १८५४ च्या डिसेंबरात त्याने लागोपाठच्या अंकांत लेख लिहिले आणि त्यांचा गाभा असा होता: इंग्रज नौदलातला माणूस असं करणार नाही, आणि ‘रानटी’ लोकांच्या साक्षीला काडीची किंमत नाही. इतकंच करून तो थांबला नाही. इनुइटांनीच आपल्या माणसांना मारलं नसेल कशावरून, अशी शंकाही त्याने सोडून दिली. रेने त्याच साप्ताहिकात उत्तर दिलं: मी या लोकांना ओळखतो, त्यांचं बोलणं मी तपासलं आहे. पण गद्याच्या लढाईत डिकन्सपुढे एका कंपनीच्या डॉक्टरचा काय टिकाव लागणार? पुढे १८५७ मध्ये त्याच विषयावरून स्फुरलेल्या एका नाटकात डिकन्सने स्वतः मुख्य भूमिका केली, खुद्द राणी व्हिक्टोरियासमोर. प्रेक्षक रडले म्हणतात.

मला यात डिकन्सचं वर्णद्वेषी असणं हा मुख्य मुद्दा वाटत नाही. त्याच्या काळात तसे पुष्कळ होते. खटकतं ते हे की ज्या माणसाने आयुष्यभर गरिबांचं बोलणं कान देऊन ऐकलं, गल्लीतल्या पोराच्या तोंडचा एकेक उच्चार कागदावर उतरवला, त्याला इथे ऐकू आलं नाही. कारण आर्क्टिकची गोष्ट त्याच्या डोक्यात आधीच लिहून झालेली होती. त्या गोष्टीत शुभ्र बर्फ होता, शुभ्र चारित्र्य होतं आणि मरणही शुभ्रच असायला हवं होतं. भांड्यातलं मांस त्या गोष्टीत बसेना, म्हणून सांगणाराच खोटा पडला.

इनुइट खरं सांगत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस, फ्रँकलिनची माणसं जिथे मेली त्या किंग विल्यम बेटावरच्या हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. २०२४ मध्ये डीएनएवरून एक जबडा ‘इरेबस’चा कप्तान जेम्स फिट्झजेम्स याचा असल्याचं निश्चित झालं, आणि त्यावरही तशाच खुणा आहेत. म्हणजे अधिकारीही सुटला नव्हता. जहाजांचंही तेच. ‘इरेबस’ २०१४ मध्ये सापडलं ते इनुइटांच्या आठवणींत पिढ्यान्‌पिढ्या ज्या भागाचं नाव होतं, त्याच भागात. ‘टेरर’ २०१६ मध्ये सापडलं, कारण त्याच बेटावरच्या ज्योआ हेवन गावच्या एका इनुइट माणसाला काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेला लाकडी सोट दिसला होता आणि या वेळी कुणीतरी त्याचं ऐकलं. ज्या खाडीत ‘टेरर’ सापडलं तिचं नाव आधीपासूनच टेरर बे आहे. शोधणाऱ्यांनी वर्षानुवर्षं नकाशा वाचला, नाव वाचलं नाही.

वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये फ्रँकलिनचं संगमरवरी स्मारक आहे, त्यावर कवी टेनिसनच्या ओळी कोरलेल्या आहेत. रेच्या नावाची साधी फरशी त्याच ठिकाणी बसली ती २०१४ च्या सप्टेंबरात, ‘इरेबस’ सापडलं त्याच महिन्यात. आणि ज्यांनी रेला हे सगळं सांगितलं त्यांची फरशी अजून कुठे बसलेली नाही.

आता कुणी म्हणेल, एका लेखकाच्या एका चुकीवरून सगळ्या साहित्यावर खापर का फोडता? एका चुकीचा प्रश्न असता तर मीही म्हटलं असतं, जाऊ दे. पण ध्रुवाची गोष्ट सांगण्याची एक ठरावीक रीत या शतकभरात बसून गेली, आणि तिची एक अट होती: नायकाने एकटं असलं पाहिजे. एकटं नसेल तर निदान आपल्यासारख्यांतच असलं पाहिजे. शेजारी कुणी आरामात मासे वाळवत बसलं असेल तर त्याच्या मरणाला वजन येत नाही.

ही रीत खऱ्या मोहिमांवरही कशी स्वार झाली हे बघायचं तर दक्षिण ध्रुवाकडे वळायला हवं. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ ला तिथे पोहोचला, आणि परतही आला. इंग्रज रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ ला पोहोचला आणि परतताना चार सोबत्यांसह मेला. आमुंडसेनच्या यशाचं मूळ आठ वर्षं मागे आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९०३ पासून दोन हिवाळे तो ज्योआ हेवनला नेट्सिलिक इनुइटांच्या शेजारी राहिला होता. रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे कसे घालायचे, घाम का येऊ द्यायचा नाही, कुत्र्यांकडून काम कसं घ्यायचं, हे तो त्यांच्याकडून विद्यार्थ्यासारखा शिकला. दक्षिण ध्रुवावरचा पहिला माणूस म्हणजे एका अर्थी नेट्सिलिकांच्या शाळेतून पास झालेला माणूस होता. पण त्याचं पुस्तक आज किती जण वाचतात? सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं, या वाक्याची कादंबरी होत नाही. स्कॉटची डायरी तंबूत प्रेतांजवळ सापडली, १९१३ मध्ये छापून आली आणि घराघरांत गेली. तिचं गद्य खरंच सुंदर आहे, हे मी कबूल करतो. शेवटची पानं वाचताना आजही घसा दाटतो. पण वाचकांनी त्यातून जे घेतलं ते भलतंच होतं: शिकून जाणाऱ्यापेक्षा सोसून मरणारा मोठा.

जाता जाता एक गंमत. धोक्याच्या प्रवासासाठी माणसं हवीत, पगार कमी, थंडी कडाक्याची, परत येण्याची खात्री नाही, अशी ध्रुवीय संशोधक शॅकल्टनने दिलेली म्हणून जी जाहिरात जगभर सांगितली जाते, तिचा मूळ अंक आजवर कुणालाच सापडलेला नाही. बक्षीस लावूनही सापडलेला नाही. ध्रुवावरचा नायक कसा बोलेल हे लोकांना इतकं पाठ झालं होतं की त्याच्या तोंडचं वाक्य कुणीतरी लिहून टाकलं आणि ते खपलं.

उलट बाजूचं साहित्यही होतं, आणि ते जास्त घातक ठरलं. विल्हाल्मर स्टेफान्सन या संशोधकाने १९२१ मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहून असं मांडलं की आर्क्टिक भीषण वगैरे काही नाही, ते मित्रासारखं आहे. अक्कल असेल तर तिथे बंदुकीच्या जोरावर कुणीही मजेत जगेल. भयकथांना हा चांगला उतारा होता, आणि स्टेफान्सन स्वतः इनुइटांमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला होता, म्हणजे हवेतलं बोलत नव्हता. पण पुस्तकात एक बारीकशी हातचलाखी होती. तो जे जगला ते इनुइटांच्या हाताने शिवलेल्या कपड्यांत आणि त्यांच्या संगतीत. पुस्तकात मात्र श्रेय जमिनीच्या स्वभावाला गेलं.

त्याच वर्षी त्याने चार तरुणांना सैबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर वसाहत करायला पाठवलं. स्वतः गेला नाही. इनुइट कुटुंबं सोबत घ्यायची होती, पण ऐन वेळी कुणी आलं नाही. आली फक्त एक: एडा ब्लॅकजॅक, अलास्कातल्या इन्युपिआक इनुइटांपैकी एक बाई, वय २३. शिवणकामाला ठेवलेली. तिला साहसाची हौस नव्हती. मुलाला क्षयरोग झाला होता, उपचाराला पैसे हवे होते. ती गावात वाढलेली. शिकार तिला येत नव्हती आणि अस्वलांची तिला भीती वाटायची. म्हणजे ‘आर्क्टिकची माणसं’ जन्मतःच भाला घेऊन येतात हा जो समज, त्यातही ती बसत नव्हती.

दुसऱ्या वर्षी शिकार रोडावली आणि मदतीचं जहाज बर्फामुळे पोहोचलंच नाही. १९२३ च्या जानेवारीत तिघं गोठलेल्या समुद्रावरून सैबेरियाकडे निघाले. ते पुन्हा दिसले नाहीत. चौथा क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीने अंथरुणाला खिळला. एडाने त्याची सेवा केली, लाकडं फोडली, सापळे लावायला शिकली, आणि आजारपणाने चिडचिडा झालेला तो माणूस तिलाच बोल लावत राहिला. जूनमध्ये तो गेला. त्यानंतर ती आणि विक नावाची मांजर, एवढीच त्या बेटावर. तिने बंदूक चालवायला स्वतःला शिकवलं. अस्वल लांबून दिसावं म्हणून उंच मचाण बांधलं. कातड्याची नाव तयार केली. आणि डायरी लिहिली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत: आज किती कोल्हे, आज डोळे दुखतात, आज देवाची प्रार्थना केली. ऑगस्टात जहाज आलं तेव्हा ती शिल्लक होती.

स्कॉटची डायरी आणि एडाची डायरी यांच्यात जेमतेम अकरा वर्षांचं अंतर आहे. एक शाळेत शिकवली गेली. दुसरी कुठे होती? त्या काळी बेटावरच्या घटनांबद्दल जे छापून आलं ते पुरुषांनी लिहिलेलं. वर्तमानपत्रांनी तिला काही दिवस डोक्यावर घेतलं, मग आजारी माणसाकडे दुर्लक्ष केल्याचा ठपकाही ठेवला. तिच्या हाती पगार ठरल्यापेक्षा कमीच पडला. तेवढ्यात तिने मुलाला दवाखान्यात नेलं.

याच सुमारास, १९२२ मध्ये, हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका इनुइट कुटुंबावरचा मूकपट पडद्यावर आला: ‘नानूक ऑफ द नॉर्थ’. हे साहित्य नव्हे, पण साहित्याने तयार केलेलं चित्रच त्याने हलतं केलं. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी. ज्याला ‘नानूक’ म्हणून दाखवलं त्याचं खरं नाव अल्लाकारिआल्लाक होतं. पडद्यावरचं कुटुंब त्याचं खरं कुटुंब नव्हतं. त्या भागात शिकारीला बंदुका सर्रास वापरल्या जात होत्या, पण कॅमेऱ्यासमोर भालेच हवे होते. ग्रामोफोन कसा वाजतो हे त्याला ठाऊक नसल्याचं आणि त्याने तबकडी दाताने चावून बघितल्याचं दाखवलं आहे. जगाच्या मनात ठसलेला इनुइट हा असा हसतमुख, निरागस आणि कालबाह्य होता.

ते चित्रीकरण जिथे झालं ते गाव इनुक्जुआक. तीस वर्षांनी कॅनडा सरकारने त्याच गावातली कुटुंबं उचलून सुमारे २००० किलोमीटर उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्राइज फिऑर्ड इथे नेऊन सोडली. पहिली तुकडी १९५३ मध्ये, दुसरी १९५५ मध्ये. सरकारी कारण असं होतं की इनुइटांनी सरकारी मदतीवर न राहता पूर्वीसारखं शिकारीवर जगावं, आणि तिकडे शिकार भरपूर आहे. त्या ओसाड बेटांवर कॅनडाचा हक्क दाखवायला तिथे कॅनडाची माणसं असणं सोयीचं होतं, हेही कारण होतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि मला ते पटतं. नेलेल्या लोकांना तिथली जमीन, प्राणी, समुद्र सगळं परकं होतं. हिवाळ्यातला महिनोन्‌महिने टिकणारा पूर्ण अंधार त्यांनी कधी पाहिला नव्हता, कारण इनुक्जुआक आर्क्टिक वर्तुळाच्या बऱ्याच खाली आहे. ‘इनुइट म्हणजे बर्फ, मग कुठलाही बर्फ चालेल’ असा हिशेब कुठल्या अधिकाऱ्याने मुद्दाम मांडला नसेल. तो वाचून वाचून मनात आधीच मांडलेला होता. १९५५ च्या तुकडीत जोसेफी फ्लॅहर्टी नावाचा माणूस होता. दिग्दर्शक फ्लॅहर्टीला चित्रीकरणाच्या वेळच्या सहवासातून एका इनुइट बाईपासून झालेला हा मुलगा. बापाने त्याला कधी पाहिलं नाही. बापाने जे चित्र जगाला दिलं, त्या चित्रात राहायला मुलाला पाठवण्यात आलं. कॅनडा सरकारने या स्थलांतराबद्दल माफी मागितली ती २०१० मध्ये.

दक्षिणेचं वेगळं आहे, हे मान्य करायलाच हवं. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी कुणी नाही. तिथे ‘कोरं पान’ ही प्रतिमा पुष्कळशी खरी आहे आणि तिने भलंही केलं आहे. १९५९ च्या करारात बारा देशांनी तो खंड शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखून ठेवला. १९८८ मध्ये तिथे खाणकामाला नियमांच्या चौकटीत वाट करून देणारा करार तयारही झाला होता. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने माघार घेतली आणि त्याऐवजी १९९१ चा माद्रिदचा पूरक करार आला, ज्याने खाणकामावर बंदीच घातली. लोकांच्या मनात ‘अस्पर्श’ अंटार्क्टिका रुजलेला नसता तर राजकारण्यांवर एवढा दबाव आला असता असं मला वाटत नाही. तो अस्पर्श खंड कवींनी आणि प्रवाशांनी रुजवला. इंग्रज कवी कोलरिजने १७९८ च्या आपल्या कवितेत दक्षिणेचा बर्फ कडकडाट करत, गुरगुरत आणला तेव्हा त्याने स्वतः जहाजातून समुद्रसफरही केलेली नव्हती. त्याच्या शाळेतला गणिताचा शिक्षक मात्र कप्तान कुकबरोबर दक्षिणेला जाऊन आलेला होता. ऐकीव बर्फही कामाला येतो.

अडचण अशी की दक्षिणेची ही शुद्धता उत्तरेला चिकटवली गेली. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. इनुइट ती पिल्लं मारत नव्हते. ते मोठे सील मारतात, मांस खातात आणि कातडं विकतात. पण बर्फावरच्या काळ्याभोर डोळ्यांच्या पिल्लाच्या चित्रासमोर हा फरक कोण सांगत बसणार? बाजारच बसला, आणि ज्या गावांत रोख पैशाचा तेवढा एकच मार्ग होता ती गावं सरकारी मदतीवर आली. अस्पर्श भूमीत माणूस दिसला की तो घुसखोरच वाटतो, मग तो हजारो वर्षांपासूनचा असला तरी.

हवामानबदलाच्या लिखाणातही तीच सवय दिसते. वितळणाऱ्या हिमखंडावर एकटं अस्वल हे त्याचं बोधचिन्ह झालं आहे आणि सूर शोकगीताचा आहे: काय होतं, काय गेलं. इनुइट नेत्या शीला वॉट-क्लुटिए यांनी २००५ मध्ये मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे अर्ज केला तो वेगळ्या सुरात. त्यांचं म्हणणं असं की बर्फ हा आमचा रस्ता आहे, शिकारीचं मैदान आहे, आणि तुमच्या धुरामुळे तो जात असेल तर तो आमच्या हक्काचा भंग आहे. आयोगाने अर्ज पुढे चालवला नाही. पुढे त्यांनी पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘थंड असण्याचा हक्क’ अशा अर्थाचं आहे. हिमखंडाला हक्क नसतात, अस्वलाला वकील नसतो. तक्रार करू शकणारी माणसं चौकटीतून काढून टाकली की उरतं ते नुसतं हळहळणं, आणि ते करायला कुणाला काही सोडावं लागत नाही.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. कादंबरीकार हा भूगोलाचा मास्तर नव्हे. मेरी शेलीने १८१८ मध्ये ‘फ्रँकेनस्टाइन’ कादंबरीत आपल्या राक्षसाला उत्तर ध्रुवाकडे पळवलं ते तिला रिकामी, अंतहीन जागा हवी होती म्हणून. तिथल्या वस्त्यांची जनगणना तिच्याकडून कशाला मागायची? खरंच मागू नये. ध्रुव ही कल्पनेची जुनी कोठार आहे, आणि तीत आपल्याही माणसांनी भर घातली आहे. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ लिहून वेदकर्त्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ नेलं. त्याआधी १८८५ मध्ये वॉरन या अमेरिकन लेखकाने मानवजातीचं नंदनवन तिथे ठेवलंच होतं. टिळकांचा निष्कर्ष आज पुरातत्त्वाच्या कसोटीला उतरत नाही. पण उषःसूक्तं वाचताना ही पहाट नेहमीची नव्हे, आठवडेच्या आठवडे क्षितिजावर गोल फिरणारी आहे, असं ज्या बारकाईने त्यांनी दाखवलं, त्यामुळे किती तरी मराठी वाचकांना ध्रुवावरची पहाट प्रथम कळली असेल. अशा कल्पनांवर बंदी नको. माझं म्हणणं इतकंच की कल्पना खूप झाली आणि साक्ष फार कमी छापली गेली. एका बाजूला दोनशे वर्षांचं कपाट आहे, दुसऱ्या बाजूला एक फळी. आणि ती फळीही पुष्कळदा मानवशास्त्राच्या विभागात असते, साहित्याच्या नाही.

मितिआर्जुक नाप्पालुक या इनुइट लेखिकेची ‘सानाक’ ही कादंबरी घ्या. १९५० च्या दशकात एका मिशनऱ्याला इनुक्टिटुट ही इनुइटांची भाषा शिकायची होती, म्हणून त्याने या बाईंना रोजच्या वापरातली वाक्यं लिहून द्यायला सांगितलं. त्या लिहायला बसल्या, आणि नुसत्या शब्दांच्या याद्यांचा कंटाळा आला म्हणून की काय, त्यांनी माणसं निर्माण केली. सानाक नावाची विधवा, तिची लहान मुलगी, शेजारपाजार. त्यांनी तोवर एकही कादंबरी वाचलेली नव्हती. पुस्तक इनुक्टिटुटमध्ये छापून यायला १९८४ उजाडलं, फ्रेंचमध्ये २००२, इंग्रजीत २०१४. सुरुवात होते ती सानाक अंथरुणाखाली घालायला काटक्या आणायला बाहेर पडते तिथे. जिथे काहीच उगवत नाही असं जगाने ठरवलेलं, तिथे ही बाई काटक्या आणायला जाते आणि तिला त्या कुठे मिळतात हे ठाऊक आहे. पुढे सील फाडणं, कातडं खरवडणं, भांडणं, मुलीचं रडणं. बर्फाचं वर्णन म्हणून बर्फाचं वर्णन जवळजवळ नाहीच. बर्फ चालायला कसा आहे, फुटेल का, एवढंच.

‘एस्किमोंकडे बर्फाला शंभर शब्द आहेत’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय; इनुइटांना पूर्वी एस्किमो म्हणत. फ्रान्झ बोआस या मानवशास्त्रज्ञाने १९११ मध्ये उदाहरण म्हणून चार दिले होते. लिहिणाऱ्यागणिक आकडा फुगत गेला. त्या भाषांत प्रत्यय जोडून जोडून लांब शब्द बनतात, त्यामुळे मोजणीला तसा अर्थच नाही. पण शंभर शब्द आहेत हे सांगणाऱ्यांपैकी त्यातला एक तरी शब्द किती जणांना येतो?

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी आणि प्रकाशकांनी इथे ठोस काही करण्यासारखं आहे. स्कॉटची शेवटची पानं शिकवा, पण शेजारी एडाच्या डायरीतलं एक पान ठेवा. फ्रँकलिनचा धडा असेल तर रेचा अहवाल आणि डिकन्सचं उत्तर दोन्ही मुलांच्या हाती द्या आणि कुणावर विश्वास ठेवाल ते विचारा. ‘सानाक’ भाषांतराला अवघड आहे, सील कापण्याच्या एकेका क्रियेला तिथे वेगळा शब्द आहे. पण समुद्रकाठच्या आणि जंगलातल्या कामांचे शब्द ज्या भाषांत अजून जिवंत आहेत त्यांनी ते करायला हवं, इंग्रजीवरून का होईना.

पुस्तक दार उघडू शकतं, यावर माझा विश्वास आहे, कारण टोगोमधल्या एका मुलाच्या बाबतीत ते घडलं. तेते-मिशेल क्पोमासी नारळाच्या झाडावर सापाला घाबरून खाली पडला. बरा झाल्यावर घरच्यांनी त्याला अजगराची पूजा करणाऱ्या पंथाला वाहायचं ठरवलं. त्याच दिवसांत लोमेच्या मिशनऱ्यांच्या दुकानात त्याला ग्रीनलंडवरचं एक पुस्तक दिसलं. साप नसलेला, झाडं नसलेला देश! तो घरातून पळाला आणि आठ वर्षं काम करत, मजल दरमजल करत १९६० च्या दशकाच्या मध्यात ग्रीनलंडला पोहोचला. दक्षिणेकडच्या गावांत त्याला पुस्तकातलं काही भेटेना. आयात केलेला माल होता, दारू होती, बेकारी होती. त्यामुळे तो पुस्तकाच्या मागे आणखी उत्तरेला, आणखी उत्तरेला जात राहिला. त्याने हे पुढे प्रांजळपणे लिहिलं आहे, आणि म्हणूनच त्याचं पुस्तक मला आवडतं: डोक्यातलं ग्रीनलंड आणि पायाखालचं ग्रीनलंड एकमेकांना कसं ढकलत होतं ते त्यात दिसतं.

अखेर उपरनाविकजवळ एका म्हाताऱ्याने त्याला आपल्या मातीगवताच्या घरात ठेवून घेतलं. आत शिरल्यावर क्पोमासीला दिसलं की भिंती वरपासून खालपर्यंत मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या पानांनी मढवल्या आहेत. म्हाताऱ्याने ती वर्षानुवर्षं जमवून चिकटवली होती. ती थंडी अडवायला होतीच. पण तो ती वाचायचा, आणि बाहेरच्या जगात काय चाललंय हे त्याला चांगलं ठाऊक होतं.